‘हॅव’ म्हणजे नेमकं काय ‘आहे’?

(वसईत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषयाचं नाव वाचून काही जणांनी मला खाली चहाच्या वेळीच विचारलं, की सर, ‘हॅव’ हे काय व्याख्यानाचं क्रियापद आहे का? पहिलीतल्या पोराला येतं. ‘आय हॅव अ पेन’, माझ्याजवळ पेन आहे. झालं. तासभर काय बोलणार?

तर आधी गाडीत बसूया. विरार फास्ट, दादर स्टेशन, टीसी उभा. तो विचारतो, पास? तुम्ही म्हणता, ‘‘माझ्याकडे पास आहे हो, पण आत्ता माझ्याजवळ नाहीये. घरी राहिला.’’ दंड भरावा लागेल तो भरावा लागेलच, पण वाक्य मराठीत अगदी बिनचूक आहे. ‘माझ्याकडे आहे’ आणि ‘माझ्याजवळ नाही’, एकाच श्वासात. आता हेच इंग्रजीत सांगा. ‘आय हॅव अ पास बट आय हॅव नॉट अ पास’? टीसी वेड्यात काढेल. इंग्रज म्हणेल, ‘आय हॅव अ पास, बट आय डोन्ट हॅव इट ऑन मी.’ दोन्हीकडे ‘हॅव’च. मराठीने जो फरक ‘कडे’ आणि ‘जवळ’मध्ये केला, तो दाखवायला त्याला शेवटी ‘ऑन मी’ असं शेपूट लावावं लागलं.

आजची गोष्ट एवढीच आहे. मराठीत ‘हॅव’ला क्रियापद नाही. मुळात नाहीच. आपल्याकडे आहे ते ‘असणे’. ते कुणाला, कुणाकडे, कुणाजवळ, कुणाचं, कुणात, हे आपण नामाच्या शेपटीला सांगतो. इंग्रजीने हे सगळे कप्पे काढून टाकले आणि एकच मोठी पेटी ठेवली. मराठीतून इंग्रजीत जाताना आपण पाच कप्प्यांतलं सामान एका पेटीत ओततो. काय सांडलं ते आपल्या लक्षात येत नाही.

हे वसईत बोलायला एक निमित्तही आहे. इथून जवळच तर्खड गाव आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यांचं आडनाव या गावावरून आलं. जन्म 1814चा, म्हणजे तेव्हा ते बाविशीचे होते. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला आल्या आणि आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी त्यांवरच इंग्रजी शिकली. वाक्य इकडचं तिकडे करायचं, हाच तेव्हा भाषा शिकण्याचा रस्ता होता. आजही आपण तेच करतो, फक्त मनातल्या मनात, आणि घाईत.

आता कप्पे बघू. ‘मला दोन भाऊ आहेत.’ नातं आलं की ‘मला’. ‘माझे दोन भाऊ आहेत’ चालेल. पण ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलंत तर ऐकणारा विचारेल, किती दिवस राहणार आहेत? कारण ‘कडे’ म्हणजे मुक्कामाला. ‘त्याला दाढी आहे’, ‘खोलीला दोन खिडक्या आहेत’, म्हणजे अंगाचा भाग असला तरी ‘ला’. ‘मला ताप आहे’, इथेही ‘ला’. पण ‘तिच्यात धमक आहे’. धमक आत असते, म्हणून ‘त’. आणि ‘ही वाडी माझी आहे’ हा सगळ्यात पक्का कप्पा, मालकीचा.

आणखी बारीक बघायचं तर पाण्याकडे बघा. ‘बावखलात पाणी आहे’ आणि ‘बावखलाला पाणी आहे’. वसईतल्या माणसाला हा फरक समजावावा लागत नाही. पाऊस पडला की कुठल्याही खड्ड्यात पाणी असतं. पण ‘बावखलाला पाणी आहे’ म्हटलं की त्याला झरा आहे, मे महिन्यातही ते राहील. पहिल्यात पाणी नुसतं तिथे आहे, दुसऱ्यात ते बावखलाचं झालं आहे. इंग्रजीत दोन्हीला ‘द पाँड हॅज वॉटर’ म्हणून मोकळे. घरी जाऊन जरा ऐका, कादोडीत, वाडवळीत, आगरीत तुमची आजी ही वाक्यं कशी म्हणते. प्रत्यय वेगळे ऐकू येतील. कप्पे आहेत का ते बघा.

आपणच काही जगावेगळे आहोत असं नाही. लॅटिनमध्ये ‘माझं पुस्तक आहे’ हे ‘मिहि लिबेर एस्त’ असंही म्हणायचे, शब्दशः ‘मला पुस्तक आहे’. रशियन माणूस ‘उ मेन्या येस्त्’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. अरबीतलं ‘इंदी’ म्हणजेही ‘माझ्यापाशी’. आणि शेजारच्या कन्नडमध्ये तर थेट आपलीच विभागणी आहे : भाऊ असले तर ‘ननगे’, मला; पैसे असले तर ‘नन्न हत्तिर’, माझ्याजवळ. चिनी माणसाची अडचण मात्र निराळी. त्याच्याकडे ‘यौ’ असं एक क्रियापद आहे, ते ‘हॅव’सारखं चालतं, पण ‘टेबलावर पुस्तक आहे’ इथेही तेच येतं. म्हणून तो इंग्रजीत ‘देअर इज’च्या जागी ‘देअर हॅव’ म्हणून बसतो. प्रत्येक जण आपापल्या घराच्या उंबरठ्याला अडखळतो.

आपला उंबरठा म्हणजे ‘आहे’. आपण कुठे अडखळतो? ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ यावर पुष्कळ हसून झालंय, मी हसणार नाही. हे वाक्य कुठून येतं बघा. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात ‘आहे’ शेवटी ठणठणीत ऐकू येतो. त्याला कुठेतरी जागा द्यायची म्हणून ‘ॲम’ येतो, आणि ‘हॅव’ तर पुस्तकात शिकवलेलाच असतो. दोन्ही ठेवायचे तर ‘ॲम हॅविंग’. हा माझा अंदाज आहे, पण चाळीस वर्षं वर्गात उभं राहून केलेला अंदाज आहे. भारतात हे वाक्य सगळ्यांना कळतं. ‘आय ॲम हॅविंग अ हाउस इन नालासोपारा’ म्हटल्याने कुणाचं घर जात नाही.

पण काही वाक्यांत अर्थच फिरतो. माझी एक विद्यार्थिनी नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांना सांगितलं, ‘माय सिस्टर इज हॅविंग अ बेबी’, म्हणून लवकर घरी जाते. तिला म्हणायचं होतं, बहिणीला लहान बाळ आहे, मला सांभाळायला जायचंय. साहेब म्हणाले, अरे लगेच जा, कुठल्या हॉस्पिटलमध्ये? कारण ‘इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे बाळ होणार आहे, कदाचित आत्ता या घटकेला होतंय. ‘हॅज अ बेबी’ म्हणजे बाळ आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसने पेढे मागितले.

हे हसण्यावारी गेलं. पण फोनवर कुणी ‘माय फादर इज हॅविंग अ हार्ट अटॅक’ म्हणतं तेव्हा पलीकडचा माणूस समजतो, की आत्ता, या क्षणी. आणि सांगायचं असतं, की वडिलांना पूर्वी झटका येऊन गेलाय, म्हणून हे औषध चालेल का विचारतोय. तिथे हवं ‘हॅज हॅड अ हार्ट अटॅक’. ही दोन वाक्यं डॉक्टरांसमोर, विम्याच्या फॉर्मवर अदलाबदल झाली तर हसण्यावारी जात नाही.

मग ‘हॅविंग’ कधी बरोबर? सोपी कसोटी मराठीतच आहे. वाक्यात नुसता ‘आहे’ पुरत असेल तर ‘हॅविंग’ नको. भाऊ आहेत, घर आहे, ताप आहे, पास आहे. पण ‘आहे’च्या जागी काही करणं-घडणं असेल, म्हणजे घेणे, खाणे, होणे, तर चालेल. ‘वी आर हॅविंग टी’, चहा घेतोय. ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’, मीटिंग चालू आहे. ‘वी आर हॅविंग गेस्ट्स टुमॉरो’, उद्या पाहुणे येणार आहेत. इथे ‘हॅव’ म्हणजे ‘असणे’ राहिलंच नाही. ‘हॅव अ सीट’ म्हणजे तुमच्याकडे खुर्ची आहे असं नव्हे. बसा.

आता ‘हॅज हॅड’ आलंच आहे तर तेही सोडवू. ‘हॅव हॅड’ बघितलं की मुलं म्हणतात, सर, छपाईची चूक आहे. पहिला ‘हॅव’ नुसता मदतनीस. आपल्याकडे ते काम ‘आहे’ करतो : ‘मी पत्र लिहिलं आहे.’ इंग्रजीत इथे ‘हॅव’ का आला याची मोठी छान गोष्ट आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्यापाशी लिहिलेलं पत्र आहे’ अशा घाटाचं वाक्य असायचं. पत्र हातात, लिहून झालेलं. हळूहळू ‘लिहिलेलं पत्र असणं’ याचं ‘पत्र लिहून झालं असणं’ झालं, आणि हात रिकामे झाले तरी ‘हॅव’ राहिला. जाणं-येणं यांना मात्र बराच काळ आपल्यासारखाच ‘आहे’ लागायचा. ‘ही इज गॉन’ हा त्याचा उरलेला तुकडा. ‘तो गेला आहे’, शब्दाला शब्द.

इथे एक जागा सांभाळायची. मराठीत ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ चालतं. इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव’ निघून जातो. ‘आय सॉ हिम यस्टरडे.’ ठरावीक संपलेली वेळ सांगितली की मदतनीस घरी. यापेक्षा जास्त यात काही नाही.

‘हॅव टू’मध्ये मात्र आहे. मुलाखतीची गोष्ट सांगतो. मुलगा हुशार, मार्क उत्तम. विचारलं, आमच्याकडे का यावंसं वाटतं? त्याच्या मनात होतं, ‘मला इथे काम करायचं आहे.’ तो म्हणाला, ‘आय हॅव टू वर्क हिअर.’ म्हणजे, मला इथे काम करावं लागतंय, इलाज नाही! बिचाऱ्याला बाहेर आल्यावरही कळलं नाही काय झालं ते. ‘करायचं आहे’मध्ये मराठीत इच्छा, बेत आणि कर्तव्य तिन्ही एकत्र नांदतात. इथे आपली पेटी मोठी आणि इंग्रजांचे कप्पे वेगळे. इच्छा असेल तर ‘वाँट टू’, सभ्यपणे ‘वुड लाइक टू’. ‘हॅव टू’ म्हणजे ‘लागतं’. सकाळी चारला उठावं लागतं कारण गाडीत बसायला मिळत नाही, तो ‘हॅव टू’.

आणि त्याचा नकार. ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅबलेट’ म्हणजे ही गोळी घ्यायलाच हवी असं नाही. ‘यू मस्ट नॉट टेक’ म्हणजे घेऊ नका, अपाय होईल. मराठीतला ‘घ्यायला नको’ या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. आजारी माणसाला घरी समजावून सांगताना ‘नको’वर थांबू नका. ‘गरज नाही’ की ‘अजिबात नाही’, दोनांपैकी एक स्पष्ट सांगा.

आता मी ज्यासाठी खरं तर हा विषय घेतला त्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे एक पत्र घेऊन आले. त्यांचे थोरले भाऊ परदेशात गेले, तिथेच वारले. भावाचा मुलगा तिकडेच वाढलेला, मराठी बोलणं थोडं कळतं, वाचता येत नाही. त्याने विचारलं होतं, गावच्या वाडीचं काय? काकांनी उत्तर मराठीत लिहिलं आणि म्हणाले, सर, इंग्रजी करून द्या. पत्रात वाक्य होतं : ‘वाडी सध्या आमच्याकडे आहे.’ मी लिहिलं, ‘वी हॅव द ऑर्चर्ड नाउ.’

पुतण्याने ते वाचलं आणि त्याला वाटलं, काकांनी वाडी घेतली. त्यात तो ‘नाउ’! जणू कालपर्यंत तुमची होती, आता आमची. दोन वर्षं त्या घरात फोन बंद होता. काका मला भेटले की म्हणायचे, काय झालं कळत नाही हो, मी तर साधं लिहिलं होतं. आणि त्यांनी साधंच लिहिलं होतं. ‘आमच्याकडे आहे’ म्हणजे आम्ही बघतो, माडांना पाणी घालतो, केळी लावतो. त्या ‘कडे’मध्येच कबुली होती की आमची एकट्याची नाही. ‘आमची आहे’ असं त्यांनी लिहिलं नव्हतं. ‘सध्या’ म्हणजे तू येईपर्यंत. हे सगळं मी ‘हॅव’मध्ये ओतलं आणि ते तिथे सांडलं. मी इंग्रजीचा शिक्षक. व्याकरणात एक चूक नव्हती.

जमिनीच्या बाबतीत हा फरक आपल्या कागदांतही किती जपलाय पाहा. सातबारा घ्या. नमुना सातवर भोगवटादाराचं नाव एका जागी, कुळाचं नाव आणि इतर अधिकार वेगळ्या जागी; नमुना बारावर पिकाची नोंद. जमीन कुणाच्या नावावर, कोण कसतो, त्यात काय पिकतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. इंग्रजीत ‘हू हॅज द लँड?’ हा एकच प्रश्न विचारलात तर तिन्ही माणसं हात वर करतील.

आणि आपल्या भागाचा इतिहासच या दोन प्रत्ययांमध्ये घडलाय असं मी म्हणेन. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कुळाकडे होती, पण सावकाराची, जमीनदाराची होती. 1948चा मुंबईचा कूळकायदा आला, त्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं, अर्थात अटींसह. घोषणा काय होती? ‘कसेल त्याची जमीन.’ ‘त्याच्याकडे’ नव्हे, ‘त्याची’. सारा झगडा ‘कडे’चं ‘ची’ व्हावं यासाठी होता. ते प्रत्यक्षात किती ठिकाणी झालं आणि किती ठिकाणी कागदावरच राहिलं, हे पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांत जाऊन विचारावं. पण इंग्रजीत आदल्या दिवशीही ‘द टेनंट हॅज द लँड’ आणि दुसऱ्या दिवशीही ‘द टेनंट हॅज द लँड’. वाक्यात काहीच घडलं नाही!

इंग्रजीकडे शब्द नाहीत असं मुळीच नाही. ‘ओन’ आहे, ‘पझेस’ आहे, ‘होल्ड’ आहे, ‘लुक आफ्टर’ आहे. वकिलाला विचारा, तो ‘हॅव’ सहसा लिहिणारच नाही. ‘हॅव’ आपण लिहितो, कारण तो पहिलीत शिकवलाय आणि पटकन हाताशी येतो. म्हणून मी आता मुलांना एकच सवय लावतो. ‘हॅव’ लिहायच्या आधी मराठी वाक्य मोठ्याने म्हणा आणि प्रत्यय ऐका. ‘ला’ आला, नातं किंवा ताप, तर बिनधास्त ‘हॅव’. ‘जवळ’ आला, तर ‘हॅव’पुढे ‘विथ मी’ किंवा ‘ऑन मी’ लागतंय का बघा. ‘माझं’ आलं आणि पैशाअडक्याचा, जमिनीचा मामला असला तर ‘ओन’. ‘कडे’ आला की थांबा. तो सगळ्यात फसवा. कुणाच्या वतीने, किती दिवस, कुठल्या हक्काने, ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ते पत्र पुन्हा लिहिलं का, हे विचारणार असाल तर, हो. पुतण्या एका लग्नाला आला होता, तेव्हा बोलणं झालं. मी माझी चूक सांगितली. नवीन वाक्य लिहून दिलं : ‘वी आर लुकिंग आफ्टर द ऑर्चर्ड. युअर फादर्स शेअर इज युअर्स.’ काकांनी ते वाचायला लावलं, अर्थ विचारला आणि म्हणाले, मी हेच तर लिहिलं होतं.

वेळ होत आली. एक-दोन प्रश्न घेऊ.

एक श्रोता : सर, माझ्याकडे एक प्रश्न आहे...

(हसत) बघा, आला! ‘आय हॅव अ क्वेश्चन’ मराठीत शिरला. ‘मला एक प्रश्न विचारायचा आहे’ म्हणायचो आपण. हल्ली ‘माझ्याकडे वेळ नाही’, ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ हेही ऐकू येतं. पूर्वी ‘मला वेळ नाही’ होतं. आता वेळ खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखा झालाय. चूक आहे असं नाही म्हणत, भाषा अशीच चालते. पण ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ हे पाळणाघरवाल्या बाईंनी म्हणावं, आईने नव्हे. हां, विचारा तुम्ही.

श्रोता : ‘हॅव’ आणि ‘हॅव गॉट’मध्ये फरक काय?

जवळ असण्याच्या अर्थाने काही नाही. ‘आय हॅव गॉट अ पास’, ‘आय हॅव अ पास’, एकच. ‘गॉट’ बोलण्यात जास्त, लिहिण्यात कमी, आणि ब्रिटिशांच्या तोंडी अधिक. फक्त तो चालू काळातच ठेवा. ‘काल माझ्याकडे पास होता’ याला ‘आय हॅड अ पास’ एवढंच पुरे. आणि चहाला लावू नका. ‘आय हॅव गॉट टी’ म्हणजे चहा माझ्याकडे आहे. प्यायलात की नाही ते कळत नाही.